टीचरांच्या टाचण्या

टीचर गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. ‘शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.’ टीचरांचा फोटो साडीतला, कुणाच्या तरी लग्नातून कापून काढलेला. शेजारच्या बाईचा अर्धा खांदा त्यात तसाच राहून गेला होता. आणि खाली, त्यांच्या फोटोपेक्षा मोठे, हात जोडलेले आमचे संस्थेचे अध्यक्ष.

हेल्मेट हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. शांत? मनमिळाऊ? आयुष्यभर ज्यांच्याशी टीचरांनी उभा दावा मांडला, त्यांनीच आता त्यांना मऊसूत करून फाटकाला टांगलं होतं. मेलेल्या माणसाचे दात पाडून वर त्याला हसरं तोंड लावावं, तसला प्रकार. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणून हे लिहितो आहे. टीचर रागीट होत्या, भांडकुदळ होत्या, आणि त्यांच्याइतका रास्त राग मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. त्या मालवणातल्या जुन्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, घरातल्या, मी कुडाळच्या वरच्या अंगाच्या एका भातशेतीवाल्या गावातला. वयात वीस वर्षांचं अंतर. पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे त्यांना ‘टीचर’च म्हणत. त्या मात्र स्टाफरूममध्ये कुणालाही नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. “ओ भूगोल, पंखो बंद कर.” “गणित, तुझो डबो सांडलो.” मी पहिल्या दिवशी नोकरीवर हजर झालो तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तू नवो मराठी काय रे? शुद्धलेखन बरा आसा मा? नायतर पयल्यासारखो निघशीत.” आधीचा मराठी कसा होता, हे मला कधीच कळलं नाही.

आमच्याकडे घरात नि बाजारात मालवणी बोलतात आणि कचेरीचा उंबरा ओलांडला की सगळे पुस्तकी मराठी बोलायला लागतात. टीचर उंबऱ्यावर भाषा बदलत नसत. तपासणीला आलेल्या साहेबांशीसुद्धा त्या मालवणीतच बोलायच्या. प्राचार्यांनी एकदा सुचवून पाहिलं. तर म्हणाल्या, “माका राग ज्या भाषेत येता, तेच भाषेत मी बोलतलंय.”

आणि राग तर सदा नाकावर. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या आणि खाडीत घाण सोडणाऱ्या हॉटेलांचा राग. डास मारायच्या धुराचा राग. चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या पोरांचा राग नाही, त्यांच्या बापांचा राग. अशा एका बापाला त्यांनी भर बाजारात स्वतःच्या छत्रीची दोरी काढून विचारलं होतं, “तुझ्या खंय बांधू, सांग.” छत्री त्यांची बाराही महिने बरोबर असे. पावसासाठी कमी आणि किड्यांसाठी जास्त. झुडपाखाली ती उलटी धरायची, फांदीला काठीने दोन टोले द्यायचे आणि छत्रीत पडलेलं मोजत बसायचं. पुरुषी दोन खिशांचा शर्ट, खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, अंगाला डांबरगोळ्यांचा वास. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या कपड्यांतच थेट सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि एका खळग्यात, झऱ्यामुळे, ते पार मार्गशीर्षापर्यंत टिकतं. त्या खळग्याच्या काठी टीचरांनी अकरा पावसाळे काढले.

कशासाठी? तर दोन टाचण्यांसाठी.

टाचणी म्हणजे चतुराचं बारीक अंगाचं भावंड. पंख मिटून गवतावर बसते, नीट पाहिलं नाही तर दिसतही नाही. त्या खळग्यावर निळ्या टाचण्या होत्या आणि सगळे जाणते म्हणत होते की त्या एकाच प्रकारच्या आहेत. टीचर म्हणत होत्या, दोन. डोळ्यांना काही फरक दिसायचा नाही. तोच निळा, तेवढीच लांबी, बसायला तेच गवत. पण नराच्या शेपटीच्या टोकाला एक चिमटा असतो, त्याने तो मादीला मानेमागे धरतो. मादीच्या मानेवर बारीक खाचा असतात. चिमटा त्या खाचांत नीट बसला, तरच मादी पोट वाकवून पुढे आणते आणि त्यांचं मीलन होतं. एका प्रकारच्या नराचा चिमटा आकड्यासारखा वळलेला होता, दुसऱ्याचा सरळ आणि टोकाशी दुभंगलेला. एकाच गवतावर बसून, एकाच पाण्यात अंडी घालून ही दोन घराणी कधी एकमेकांत मिसळत नव्हती.

हे त्या वर्गातही असंच, आडपडदा न ठेवता शिकवत. त्यावरून एकदा चार पालक तक्रार घेऊन आले की मुलींसमोर हे काय बोलता. टीचरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि विचारलं, “तुमच्या घरात पोरां खंयसून इली? पोस्टान?”

एका दुपारी त्या प्राणिशास्त्राचं मराठी पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. पान उघडून बोट ठेवलं. स्पीशीज या शब्दाला तिथे ‘जाती’ असं लिहिलं होतं.

“रे मराठी, ह्यां कोणी लिवलां?”

“परिभाषाकोशातच तसं आहे, टीचर.”

“शिरा पडो त्या कोशार. पोरां ह्यां वाचतली. ‘दोन जातींत संकर होत नाही.’ घरी जावन बापाशीक सांगतली. बापूस काय समजतलो?”

मी म्हटलं, हल्ली ‘प्रजाती’ म्हणतात. त्यांनी कोशच पुढे केला. त्यात ‘प्रजाती’ हा शब्द आधीच जीनससाठी, म्हणजे त्याच्या वरच्या गटासाठी, दिलेला. मग महिनाभर आमचं भांडण. मी रोज एक शब्द न्यायचा आणि त्यांनी तो फेटाळायचा. शेवटी त्यांनी फळ्यावर ‘स्पीशीज’च लिहायला सुरुवात केली आणि मला म्हणाल्या, “मासळीच्या एकेका तुकड्याक तुमच्याकडे नाव आसा, आणि ह्येका नाय! लाज वाटांदे.” मला लाज वाटली नाही, मजा वाटली. एक शब्द किती ओझं वाहतो, हे मला तो महिनाभर कुणी बजावून सांगितलं होतं, ते मुद्दाम इथे नोंदवतो. पुढे जे मी केलं, ते अजाणतेपणी केलं असं कुणी म्हणू नये.

अकरा पावसाळ्यांनंतर टीचरांचं म्हणणं खरं ठरलं. बाहेरच्या जाणकारांनी नमुने तपासले, टाचण्या दोनच निघाल्या आणि एका शास्त्रीय नियतकालिकात त्यांचा चार पानी लेख आला. पेपरात बातमी छापून आल्यावर आमच्या संस्थेला जाग आली. शिक्षकदिनी टीचरांचा सत्कार ठरला. अध्यक्षांचं भाषण लिहायचं काम आलं माझ्याकडे, कारण मराठीचा माणूस असतोच त्यासाठी. अध्यक्षांचा फोन आला, “जरा समाजप्रबोधन घाला हो. नुसते किडे किडे लोक ऐकत नाहीत.”

मी लिहिलं, “निळ्या टाचणीसारख्या इवल्या जिवालाही आपली जात कळते. परक्या जातीत ती सोयरीक करत नाही.”

‘सोयरीक’ हा शब्द मला फार आवडला होता. लिहून झाल्यावर मी तो दोनदा मोठ्याने वाचून पाहिला.

आता आमच्या हेडक्लार्कांविषयी सांगायला हवं. कमी बोलणारा, सरळ माणूस. फायलीला फायल लागलेली, सही मागे-पुढे झालेली त्यांना खपत नसे. त्यांची एकुलती मुलगी श्रद्धा आमच्याच कॉलेजात टीचरांच्या हाताखाली शिकली आणि दोन वर्षांपूर्वी तिने देवबागच्या फेलिक्सशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. फेलिक्स होडीवाला, पर्यटकांना खाडीत फिरवणारा, किरिस्तांव. त्या दिवसापासून हेडक्लार्कांना मुलगी नव्हती. घरातला तिचा फोटो उतरला. देवबागात त्यांना नातू झाला हेही त्यांना बाजारात कळलं, आणि ऐकून ते तसेच पुढे चालू लागले म्हणतात. अध्यक्षांनी त्या वेळी त्यांच्या घरी जाऊन पाठ थोपटली होती. खंबीर राहिलात, म्हणून.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. हेडक्लार्क दुसऱ्या रांगेत. टीचर मंचावर, खांद्यावर नुकतीच घातलेली शाल आणि मांडीवर नारळ. अध्यक्षांनी माझं वाक्य वाचलं. मग कागद खाली ठेवला, दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि पदरचं एक वाक्य घातलं.

“किड्याला कळतं, ते आजकालच्या आमच्या मुलामुलींना का कळू नये?”

टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या. हेडक्लार्कांनी सगळ्यांच्या मागून वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या मागून थांबले.

टीचर उठल्या. नारळ अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला, तो टेबलावरून गडगडत खाली गेला. माइक त्यांनी मागितला नाही, घेतला.

“अध्यक्षसायबानू, मी अकरा पावसाळे चिखलात बसलंय. ह्या दोन टाचण्यो एक की दोन, येवढांच बघूक. माझ्या शास्त्रात तेची एकच कसोटी आसा. नर नि मादी जमतत काय, आणि तेंचां पोर वाढता काय. नाय जमली, तर दोन. जमली, तर एक. आता ह्या हॉलात बघा. देवळात जाणारे आसत, इगर्जेत जाणारे आसत, दर्यार जाणारे, शेतात जाणारे आसत. सगळे एक! पुरावो होयो? ह्या हेडक्लार्कांचो नातू आठ म्हयन्यांचो झालो. देवबागात आसा. रांगता. येवढो लठ्ठ आसा की उचलवणा नाय. ह्याच्यापेक्षा मोठो पुरावो माझ्याकडे नाय!”

हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही.

“आणि सोयरीक म्हणालात. टाचणीचो नर विचारणा नाय, सरळ येवन धरता. मगे वाकाचां की नाय, तां ती ठरवता. ती! तिचो बापूस न्हय, गाव न्हय, संस्थेचो अध्यक्ष तर न्हयच. माणसान किड्याकडसून शिकाचां म्हणतास? तुमी किडो आसात काय? माझ्या टाचणीच्या तोंडात तुमची वाक्यां घालू नकात.”

शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली आणि मधल्या वाटेने निघून गेल्या. जाताना त्या माझ्याजवळून गेल्या. ते वाक्य कुणाचं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. मी मान वर केली नाही.

एक गोष्ट मात्र टीचरांची चुकली आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हेडक्लार्कांचं नाव त्यांनी घ्यायला नको होतं. माणूस चारशे लोकांदेखत उघडा पडला. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत, राष्ट्रगीत होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आले आणि टीचरांच्या रजेच्या अर्जावर काही न बोलता शिक्का मारला.

कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं, पण सगळं नाही. फक्त “तुमी किडो आसात काय” एवढाच तुकडा. आठवड्याच्या आत टीचरांना कारणे दाखवा नोटीस आली. असभ्य भाषा, मान्यवरांचा अपमान, खाजगी कौटुंबिक बाबीचा जाहीर उल्लेख. प्रयोगशाळेला नवं कुलूप लागलं आणि त्यांच्या टाचण्यांच्या काचपेट्या ‘जागेअभावी’ व्हरांड्यात आल्या. अकरा पावसाळ्यांचं काम मुतारीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं! मुंग्या लागल्या तेव्हा टीचरांनी एकेक पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी नेली. मदतीला आम्ही कुणी गेलो नाही. खिडकीतून बघत होतो.

आम्हा शिक्षकांकडून लेखी जबाब मागवले. मी लिहून दिलं, “सभागृहातील गोंगाटामुळे नेमके शब्द ऐकू आले नाहीत.”

तो कागद चौकशीच्या प्रतींबरोबर टीचरांकडे गेला. शनिवारी त्यांचा निरोप आला, उद्या सकाळी सड्यावर ये. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. त्यांनी मला खळग्याच्या काठी ओल्या दगडावर बसवलं, गवताच्या एका पात्याकडे बोट दाखवलं आणि गप्प बसल्या. पात्यावर टाचण्यांची जोडी होती. नराने शेपटीच्या टोकाने मादीला मानेमागे धरलं होतं. मधूनमधून तो पंख फडकवून तिला वर उचलायचा, पुन्हा टेकायचा. ती तशीच, सरळ, काडीसारखी.

अर्धा तास गेला असेल. माझी कंबर धरली.

“टीचर, ही वाकत का नाही?”

“तो तिचो न्हय. दुसऱ्यातलो आसा. तिका कळलां.”

“मग असं किती वेळ?”

“तो कंटाळता तवसर. ती कंटाळणा नाय.”

आणखी थोड्या वेळाने नराने तिला सोडलं. ती उडून दुसऱ्या पात्यावर जाऊन बसली, इतकंच. तेवढं बघण्यासाठी या बाईने अकरा वर्षं गुडघे भिजवले होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गोंगाट होतो म्हणान लिव, असा तुका कोणी सांगलां?”

“नाही. माझं मीच लिहिलं.”

“खरां?”

“आणि ते सोयरिकीचं वाक्यही माझंच होतं, टीचर.”

आता त्या वळल्या. मला वाटलं, छत्री बसते पाठीत. त्यांनी बराच वेळ माझं तोंड पाहिलं, एखादा नमुना बघावा तसं.

“म्हयनोभर माझ्यावांगडा त्या शब्दावरसून भांडलंस,” त्या म्हणाल्या. “आणि मगे तोच शब्द तेका नेवन दिलंस. अडाणी असतंस तर माफ केलां असतां रे तुका.”

त्यांनी छत्री उचलली आणि मला तिथेच सोडून सड्यावरून उतरून गेल्या. पुढचे तीन महिने त्या मला ‘मराठी’ म्हणूनसुद्धा हाक मारत नव्हत्या.

चौकशी जानेवारीत लागली. संस्थेचेच तिघे, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. टीचर भिंतीकडच्या खुर्चीत. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर जबाब टंकायला हेडक्लार्क, कारण गोपनीय काम दुसऱ्या कुणाला देत नसत. माझी पाळी आली. समितीतल्या प्रमुखांनी माझा जुना कागद वाचून दाखवला आणि विचारलं, “हे कायम ना?”

मी म्हणालो, “नाही. मला सगळं ऐकू आलं होतं. हॉलमध्ये गोंगाट नव्हता. टीचर ज्याच्यावर चिडल्या, ते वाक्य मी लिहिलेलं आहे. त्यांच्या संशोधनात तसं काही नाही. मी त्याचा अर्थ फिरवला. पुढचं ‘किड्याला कळतं’ अध्यक्षांनी पदरचं घातलं. टीचरांनी अपमान केला नाही, चूक दुरुस्त केली.”

“ते इथं गरजेचं नाही,” प्रमुख घाईने म्हणाले. “हेडक्लार्क, हे घेऊ नका.”

कळफलकाचा आवाज थांबला नाही.

“अहो, हे लिहू नका म्हटलं.”

हेडक्लार्कांनी वाक्य पूर्ण केलं, चष्मा कपाळावर घेतला आणि कधी नव्हे ते कचेरीत मालवणी बोलले. “टाइप झालां. आता खोडूचां आसल्यास समितीन तसां सहीनिशी लिहून देवचां लागात. नियम आसा.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहून कुणीच दिलं नाही. आणि एवढ्यावर ती चौकशी बारगळली. त्या कागदावर अध्यक्षांचंही वाक्य होतं, ते वर पाठवायची कुणाची हिंमत नव्हती. टीचरांना एक लेखी समज मिळाली, कशाबद्दल ते धड न सांगता. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. ‘परीक्षांमुळे’. प्रयोगशाळेच्या कपाटांत आता क्रीडा विभागाच्या जाळ्या आहेत. अकरा वर्षांचा तो खळगा शोधायला बाहेरून माणसं येतात, आणि आमच्या कॉलेजात त्याचा रस्ता सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही.

पण त्या जानेवारीतल्या दुपारी आम्ही केबिनमधून बाहेर आलो, तेव्हा टीचर पायऱ्यांवर थांबल्या होत्या. हेडक्लार्क मागून आले. टीचर त्यांना आडव्या गेल्या.

“तुमचां नाव मी घेवक नको होता,” त्या म्हणाल्या. माफी मागतानाही आवाज भांडणाचाच. “थयसर माका राग इलो. तुमच्यार न्हय. पण लागला तुमका.”

हेडक्लार्कांनी हातातली फायल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. फाटकाकडे पाहिलं. मग विचारलं, “रांगता म्हणालात. अजून रांगता काय?”

“मी सांगलां त्येका चार म्हयने झाले!” टीचर कडाडल्या. “आता चालता. माका कित्याक विचारतास? बसा पाठी.”

आणि तो सरळ, सही मागे-पुढे न खपणारा माणूस अर्ध्या दिवसाची रजाही न टाकता टीचरांच्या स्कूटरवर मागे बसला, फायल पोटाशी धरून. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी माझी गाडी काढून मागे निघालो.

देवबाग म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. फेलिक्सचं घर खाडीच्या अंगाला, दारात दोरीवर नारिंगी लाइफ जॅकेटं वाळत घातलेली. आधी फेलिक्सची आई बाहेर आली, पाहुणा ओळखल्यावर पदर सावरून “येवा, येवा, बसा” म्हणाली. तेवढ्यात तिच्या मागे श्रद्धा दारात आली. बापाला पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“टीचर, तुमी आत येवा. सर, तुमी पण,” ती म्हणाली. “ते थयच रवांदेत.”

हेडक्लार्क फाटकाशी माडाखाली थांबले. आम्ही आत जाऊन बसलो. चहा आला. मी हळूच म्हटलं, “श्रद्धा, म्हातारा माणूस आहे. आलाय आपणहून—”

“गप रव,” टीचर माझ्यावर खेकसल्या. “दोन वर्षां तेच्या दारात ही उभी होती. तेवा तू खंय होतंस?”

श्रद्धा भिंतीला टेकून उभी होती. ती तिकडे बघत नव्हती, तरी खिडकीतून माडाखालचा बाप तिला दिसत होता, हे मला कळत होतं. आतल्या खोलीत पोर झोपलेलं, त्याचा एक पाय चादरीबाहेर. कप रिकामे झाले तरी कुणी उठलं नाही. शेवटी ती पुढे झाली, पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि अंगणात, माडाच्या सावलीत नेऊन ठेवली. मग तांब्याभर पाणी नेलं.

“बसा,” ती बापाला म्हणाली. “आत नको. आज येवढांच.”

ते बसले. पाणी प्यायले. रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, “झोपलो आसा?”

“होय.”

“उठलो की...?”

श्रद्धाने दोरीवरचं एक जॅकेट उलटं करून वाळत घातलं.

“बघूया,” ती म्हणाली आणि आत गेली. दार मात्र तिने लावलं नाही.

आम्ही निघालो. टीचर स्कूटरला लाथेवर लाथ मारत होत्या आणि ती सुरू होत नव्हती. “दोन वर्षां,” त्या पुटपुटत होत्या, “दोन वर्षां फुकट घालवली मेल्यान. पोर पाल्थां झालां, बसलां, रांगलां, उभां रवलां, आणि ह्यो थयसर बसान शिक्के मारी होतो!” बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. त्याचाही त्यांना राग आला. हेल्मेटची काच खाली ओढून त्यांनी तोंड झाकलं आणि मला म्हणाल्या, “बघतंस काय रे? ढकल.”

मी स्कूटर ढकलली. वळणापाशी मागे वळून पाहिलं. हेडक्लार्क खुर्चीत ताठ बसून होते, नजर उघड्या दारावर लावून. घरातून अजून कसलाही आवाज आलेला नव्हता.